तोंडी परीक्षा

इन्व्हरकार्गिलच्या सार्वजनिक ग्रंथालयात
पहिल्या मजल्यावर खोली मिळाली आहे, एक वाजेपर्यंत.
हीटर तापताना टकटक करतो,
जणू कुणी आत येऊ का विचारतंय.

आम्ही तिघं टेबलाच्या या बाजूला :
सिस्टर ऑनोरा, निवृत्त, कानात यंत्र;
डॉक्टर पीटरकिन, ज्यांचं लक्ष सारखं घड्याळाकडे;
आणि मी, चॅपलेन संघटनेच्या पडताळणी समितीची अध्यक्ष,
कारण यंदा दुसरं कुणी हो म्हणालं नाही.

समोर तावीता फालेओलो.
सतरा वर्षं मटणाच्या कारखान्यात,
चार वर्षं इस्पितळात, रात्रपाळीला.
हात एवढे मोठे की त्यांत फाइल
खिशातल्या डायरीएवढी दिसते.

अर्जात एकोणतीस निकष, प्रत्येकापुढे चौकोन.
श्रवणकौशल्य. स्वतःच्या श्रद्धेची मर्यादा ओळखणे.
नोंदी वेळेवर करणे.
त्यातले सहा मी लिहिलेत,
एका शनिवारी, जेवण थंड होऊ देऊन.
तेव्हा ते फार शहाणे वाटले होते.

त्यानं भेटीचा वृत्तांत वाचायला घेतला.
रुग्ण : मर्डो गेडिस, सत्याऐंशी,
जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली.
धर्माचा रकाना कोरा,
त्यापुढे नर्सच्या अक्षरात : विचारू नका.

रुग्ण म्हणाला : तू देवाचा माणूस का रे?
मी म्हणालो : रात्रपाळीचा.
रुग्ण म्हणाला : मग खणातली वही काढ. वाच.

मी वाचलं.
चौसष्ट साल, डिसेंबर.
दोन तारीख : दोनशे सहा.
तीन : एकशे अठ्ठ्याण्णव, मनगट सुजलं.
चार : दोनशे नऊ.
पाच, सहा : काही नाही.

‘किती वेळ वाचत होतात?’ पीटरकिन.
‘पहाटे साडेचारपर्यंत. एकाहत्तर सालापर्यंत पोचलो.’
‘प्रार्थना?’
‘त्यानं मागितली नाही.’
‘मनातल्या मनात?’
हीटर दोनदा वाजला.
‘आकडा चुकू नये, एवढीच.’

‘हे कुठल्या निकषात बसवायचं?’
पीटरकिन खवचटपणे नाही बोलले,
खरंच जागा शोधत होते. मीही पान उलटलं.

माझा नवरा गेला त्या रात्री
कॉरिडॉरमध्ये एक माणूस आला होता,
संघटनेचा बिल्ला लावलेला, सगळे चौकोन भरलेला.
फार चांगलं बोलला असणार.
त्यातला एक शब्द आठवत नाही.
खुर्चीवरून घसरलेला माझा कोट उचलून
त्यानं माझ्या मांडीवर ठेवला,
आणि खिशातला रुमाल वर येईल असा ठेवला.
तो बिल्ल्याशिवायही आला असता का,
त्याला दारातून आत सोडलं असतं का,
हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय.

तावीता शेवटच्या पानावर होता.
मी वाचलं : सात जानेवारी, दोनशे बारा.
रुग्ण डोळे न उघडता म्हणाला : एकवीस. दोनशे एकवीस.
यानंतर रुग्ण बोलला नाही.

पुढचा प्रश्न मला विचारावाच लागतो, छापील आहे :
वेगळं काय करता आलं असतं?
‘चष्मा न्यायला हवा होता,’ तो म्हणाला.

सिस्टर ऑनोरांनी कानातलं यंत्र दाबून बसवलं.
‘आणि वहीत? वहीत दुरुस्त केलंस?’
‘हो. मुलीला विचारून. पेन्सिलीनं.’
त्या मान हलवत राहिल्या,
गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

एक वाजला. दारात पुढची माणसं,
विणकाम मंडळाच्या बायका,
पिशव्यांतून लोकरीचे गुंडे डोकावणारे.
तावीतानं उठून त्यांच्यासाठी दार धरलं,
शेवटची आत येईपर्यंत.

आम्ही अजून चौकोन भरत होतो.