हिशेबाची वही

हिवाळे पाळकांचा उपदेश तसा रटाळच.
तिसऱ्या मुद्द्याला मागच्या बाकावर
थॉमसमामा घोरायला लागत,
आणि पाळक आवाज उतरवत,
त्यांची झोप मोडू नये म्हणून.

पण फत्तेगंजात कुणाला ताप आला
की ओट्याला आधी त्यांची सायकल टेकलेली असे.
विश्वामित्री चढली त्या रात्री
गच्चीवर पोचलेल्यांची नावं ते मोठ्यानं वाचत होते.
एक कमी भरलं.
चपला काढून पुन्हा उतरले,
मगरींच्या पाण्यात.

मी खजिनदार.
हिचं ऑपरेशन सयाजीत ठरलं
तेव्हा दानाच्या थैलीतून अकराशे काढले.
कुणाला कळलं नाही. त्यांना कळलं.
रविवारी बाकाची कड धरून बसलो,
आता व्यासपीठावरून माझं नाव येणार.
आला तो काना गावच्या लग्नाचा उतारा.

सोमवारी घरी आले.
हिच्या उशाशी प्रार्थना केली,
चहा बशीत ओतून प्यायले,
मग म्हणाले, वही आणा.
लिहा. शाईनं. स्वतःच्या हातानं.

मला वाटलं होतं, क्षमा म्हणजे खोडरबर.

माझ्या ओळीखाली त्यांनी लिहिलं,
‘जामीन: न. हिवाळे’.
दरमहा पन्नास, बावीस महिने.
हप्त्याच्या दिवशी वही पुढे सरकवत
आणि क्रिकेटचा स्कोअर विचारत.

आता त्यांची बदली गोध्र्याला.
नवे पाळक छान बोलतात, माइकवर.
वही माझ्याकडेच आहे.
ते पान फाडून टाकावं
असं कधी कधी येतं मनात,
पण मग त्यांची सहीही जाईल.