दुभाषी

टेबलावर तीन चिपा, नखावर मावतील अशा.
शेजारी कायतानची वही:
शिरोड्याच्या मानशीपाशी चढलेलं पाणी,
एकोणीस वर्षं, पेन्सिलीनं, बोटांच्या मापात.
आता त्याला नीट दिसत नाही.

एक तरंगता गोळा बसवीन म्हटलं,
महिन्यातून एकदा डबी आणायची, पंचायतीच्या
जुनाट संगणकात वायर खोचायची, झालं.
ड्रायव्हर मागता कामा नये;
पासवर्ड जुन्या सेक्रेटरीबरोबर निवृत्त झालाय.

पहिली चिप स्वस्त, पण यूएसबी तिला बोलता येत नाही,
शेजारी दुसरी बसवावी लागते, दुभाषी म्हणून.
दुसरीला सगळं येतं, वायफायसुद्धा,
आणि बॅटरी ती दोन दिवसांत पिऊन टाकते.
तिसरी स्वतः बोलते, कमी खाते,
फक्त तिचे पाय इतके जवळजवळ
की माझा हात तिथे कथलाचे पूल बांधतो.

आजोबा पाकल्यांच्या कोर्टात दुभाषी होते.
म्हणायचे, साक्षीदार रडत सांगायचा,
मी ते कोरडं करून पलीकडे द्यायचो.

तिसरी घेतली.
भिंगाखाली दोन जळाल्या.

संगणकानं तिला लगेच ओळखलं.
पडद्यावर आकडा: दोनशे सोळा.
कायतान म्हणाला, “म्हणजे बोटं किती?”

रात्री त्याचं बोट कॅलिपरमध्ये धरलं,
चिखलानं फाटलेलं, जाड,
आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली:
एक बोट बरोबर अठरा मिलिमीटर.