उष्टावण

दहाव्या दिवशी थीरा वाकते,
दिव्याच्या तांबूस उबेत
रबरी चटईवर मूठभर भरडा पसरते.
बाहेर लिमफ्योर्डवरचा वारा
पत्रा वाजवतो, थांबतो, पुन्हा वाजवतो.

अकरा पिल्लं. एकही ढुंकून बघत नाही.
भरड्यावरून चालतात, त्यातच झोपतात,
एक तर सरळ त्यात मुततं.
एस्बेन दारातून म्हणतो,
"आईच्या अंगावर दूध असताना
हा भुसा कोण चघळेल?"
आणि कॉफीचा मग घेऊन निघून जातो.

ती शिळं उचलते, ताजं टाकते.
कोमट पाण्यात दुधाची पावडर, त्यात भरडा,
बोट बुडवून आधी स्वतः चाखते:
गोडसर. बार्लीचा वास.
सकाळी थोडं, दुपारी थोडं, दिवेलागणीला थोडं.
वहीत तीन रकाने, तिन्हींत शून्य.

इथे प्रत्येकाचं आचळ ठरलेलं.
जन्मल्याबरोबरच्या मारामारीत ठरतं ते,
मग कुणी कुणाचं बळकावत नाही.
पान्हा वीस सेकंदांचा, तासाभराने एकदा.
दांडगी पुढे, छातीशी, जिथे धार जाड;
आणि पार मागे, जिथे धार येते न येते,
ते, कानावर काळा ठिपका असलेलं.
बाकीची सुस्तावून झोपली
तरी ओढत राहतं.

तेराव्या दिवशी त्याने
थीराच्या बुटाची नाडी धरली.
चावली. सोडली. पुन्हा धरली.
कंबर भरून आली होती, तरी ती हलली नाही.
मग हळूच, दोन बोटांनी,
नाडीला कालवण माखलं.

जिभेला काय कळलं कोण जाणे.
नाडी झाली, बूट झाला, बुटाखालची चटई,
आणि मग नाकपुड्यांपर्यंत थेट ताटलीत.
चपचप.
त्या आवाजाने दुसरं उठलं,
भुकेने नाही,
ह्याला काय मिळालं म्हणून.
मग तिसरं. मग ढकलाढकली.
वहीत तिने लिहिलं: एक मूठ.
खाली रेघ मारली. मग आणखी एक.

अठ्ठाविसाव्या दिवशी डुकरिणीला
पलीकडच्या शेडमध्ये नेलं.
जाताना ती एकदा हुंकारली, बस.
रात्रभर अकरा गळे.
पहाटे थीराने मोज्यांशिवायच बूट चढवले.

दिवा तसाच तांबूस.
दहा जणं एकमेकांत डोकी खुपसून,
आणि कोपऱ्यात, ताटलीशी,
काळ्या ठिपक्याचं एकटं
कुरुम कुरुम खातंय.
मधेच थांबतं,
दाराकडे बघतं,
पुन्हा खातं.