प्रश्न एकोणतीस

टॅब्लेट उन्हात तापतो. पदराखाली धरून
तुर्भे स्टोअरच्या मागून खाणीकडे चढते,
जिथली करंजाची पानंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी.

घर क्रमांक खडूने. कुटुंबप्रमुख दुर्गव्वा आलकुंटे.
वय? "दुष्काळात पाच-सहाची होते."
कोणत्या दुष्काळात, हे दोघींनाही कळतं.
मालक? "गेला. आखाड लागला होता."
कशानं? "धाप."

यादीत धाप नाही.
क्षय आहे, दमा आहे, हृदयविकार,
साप चावण्यालासुद्धा वेगळी ओळ,
सगळ्यात खाली इतर.

"टीबीच्या गोळ्या दोनदा खाल्ल्या त्यानं, पुऱ्या.
डाक्टर म्हणाला, थुंकीत काय घावत नाही.
घावंल कसं? आत सगळी खडी."
मी इतर दाबलं.
पडदा हिरवा झाला, धन्यवाद म्हणाला.

त्या गल्लीत सतरा दारं. नऊ इतर.
संध्याकाळी तांडेल मॅडम तडकल्या :
एवढे इतर? वरून शेरा येतो, बाई कामचुकार आहे.
म्हटलं, शेऱ्याच्या चौकोनात मराठीत लिहू?
"लिही. कोण वाचतंय."
लिहिलं : क्रशरवर वीस वर्षं. धूळ.
नऊ वेळा, दर वेळी पहिल्या अक्षरापासून.
एकदा लिहून चिकटवता आलं असतं.
पण ती माणसं काही एकदम गेली नव्हती.

मग गणपती, निवडणुकीची ड्युटी, पोलिओचे डोस,
दोन महिने थकलेलं मानधन.

तिसऱ्या वर्षी ठाण्याला प्रशिक्षण.
भिंतीवर देशाचा नकाशा, गोवर उठल्यासारखा.
आख्ख्या जिल्ह्याला एकच ठिपका,
त्यात आमची गल्ली बसली असेल तर बसली.
दिल्लीचे साहेब म्हणाले, यंदा एक प्रश्न वाढलाय,
एकोणतीसवा :
दगड, खडी, वाळूच्या धुळीत काम केलंय का? किती वर्षं?
का वाढवला? कुणीतरी मागून विचारलं.
"इतर फार येत होते. खाणी तिथे तिथे.
आता छातीचे फोटो, भरपाई, सगळं याच आकड्यावर ठरेल."

म्हणजे कुणीतरी वाचलं होतं.
किंवा नुसतं मोजलं होतं.
दोन्ही एक नव्हे, कळतं मला,
पण तेव्हा हातात बटाटेवडा होता आणि तो गरम होता.

परवा पुन्हा चढले.
दुर्गव्वाचा मुलगा उंबऱ्यात, फरशी कापायच्या कामावरून आलेला,
भुवया पांढऱ्या. वय चोवीस.
किती वर्षं? "आठ."
आठ टाकले. यंत्राने घेतले.

दुर्गव्वा आतून म्हणाली,
त्याचं पण टाक की आता. त्या जुन्याचं.
इतरातनं काढ.

म्हटलं, मावशी, गेल्या पाच वर्षांतलेच घेतं हे.
तारीख सांगा, बघते बसतं का.

चूल फुंकायची थांबली.
"मला काय इचारतीस?
तूच लिहून नेली होतीस ना."