चोथा

सप्टेंबर ते जानेवारी गावाला एकच वास,
उकडलेल्या मातीचा, जरा करपलेल्या बिटाचा.
साखर पोत्यांतून दूर निघून जाते, ग्रोनिंगनच्याही पार.
मागे उरतो चोथा.
तो गाईंना घालतात.
त्यातला मूठभर माझ्याकडे येतो.

चोथ्यात पेक्टिन, पेक्टिनच्या पोटात
एक अवघडलेला जीव: साखर म्हणावी तर आम्ल,
आम्ल म्हणावं तर अजून
सहा कर्बांच्या घराण्याचं नाव सांगणारं.
यीस्ट त्याला हुंगून पुढे जातं.
माझे जिवाणू थांबतात.

लगेच तोडत नाहीत.
आधी दोन इलेक्ट्रॉन काढून घेतात,
दारात पाहुण्याच्या हातची पिशवी घ्यावी तसे.
मग पाण्याचा एक रेणू गळून पडतो.
मग एक कर्ब, वायू होऊन, बुडबुड्यातून वर.
सहाचे पाच.
आणि ते पाच त्या जुन्या, गोल फिरणाऱ्या चक्रात
असे मिसळतात की कुठून आलात
हे कुणी विचारत नाही.
काढलेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकत
शेवटी ऑक्सिजनच्या पदरात.
त्याचं पाणी होतं.

तेवीस वर्षं हे पाहते आहे.
पाहते म्हणजे, सुई पाहते.
आम्ल सोडलं की टाकीतला ऑक्सिजन उतरतो,
नव्वदावरून चाळीस, तीस.
जेवण चाललंय.
पहाटे कधीतरी सुई ताडकन वर जाते.
नवी पोरं खूश होतात, बघा, हवा वाढली!
मी म्हणते, ताट रिकामं झालं, पोरांनो.

घरी बाबा. एल्त्यो.
चाळीस हंगाम बिटं धुतलेली बोटं,
त्यातल्या एकाला आता चिमटा, चिमट्यावर लाल आकडा.
अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी.
नाकात नळी, तोंड कालव्याकडे.
"खेसिन, यंदा बीट गोड आहे,"
नुसत्या वासावरून सांगतात,
आणि एवढ्यानं धाप लागते.

काल रात्री आकडा त्र्याण्णववर गेला.
डॉक्टरांना फोन करून सांगावं, अशी गोष्ट.
मी आधी त्यांची वाटी पाहिली.

ताकातली बार्लीची पेज, अर्धी संपलेली.
चमचा हातातच होता.
"काय बघतेस?" म्हणाले,
"गूळपाक आणखी घाल."