कलम चार, पोटकलम ब

ईरी शहरात, सरोवराकडं तोंड करून बसलेल्या
दुसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत
मी खासदारबाईंचे फोन घेते.
मार्चपासून फोन म्हणजे पासपोर्टच.

ल्युबोमिर हान्चाक, वय अठ्ठ्याहत्तर,
रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात चाळीस वर्षं वेल्डिंग.
पहिला फोटो परत आला: डाव्या कानामागं सावली.
दुसरा चालला. अर्ज पुढं सरकला
आणि 'प्रक्रियेत आहे' या दोन शब्दांत
अकरा आठवडे राहिला,
भाडं न देता.

हेल्पलाइनवर दीड-दीड तास बासरी वाजते.
ती त्याला पाठ झाली होती.
मला फोन लावला की आधी तीच गुणगुणायचा,
मग विचारायचा, काही कळलं?
बहीण तिकडं, प्रेशोव्हजवळच्या खेड्यात.
आनेष्काला आता पाणीसुद्धा चमच्यानं.

त्याच आठवड्यात वॉशिंग्टनहून मसुदा आला,
बाई मांडणार होत्या ते विधेयक.
सँडविच खाता खाता वाचलं मी.
सचिव नव्वद दिवसांच्या आत अहवाल सादर करील.
विलंबाची कारणं नमूद करील.
पुरेसे कर्मचारी नेमील.
करील, नेमील, देईल.
कायद्याला भविष्याखेरीज काळच नाही.
तोवर हान्चाक
'आनेष्का म्हणते' वरून
'आनेष्का म्हणायची' वर आला होता.
मी काही विचारलं नाही.

सभागृहात वाचायला एक उदाहरण हवं होतं.
मी दीड पान पाठवलं:
चमचा, बासरी, कानामागची सावली.
त्यांनी दोन वाक्यं ठेवली.
बाईंनी ती मनापासून वाचली, नाव तेवढं चुकलं,
अग्नेस म्हणाल्या.
समोरची बाकं बहुतेक रिकामी.

पासपोर्ट मंगळवारी आला.
दफन शनिवारी झालं होतं.
तरी तो दाखवायला आला, जिना चढून.
निळं, कोरं, गोंदाचा वास येणारं पुस्तक.
शेवटच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाला,
दहा वर्षं चालेल.
आणि ठिणगीकडं बघावं तसे
डोळे बारीक केले.

तुमचा तो कायदा, झाला का?
समितीकडं आहे.
म्हणजे प्रक्रियेत.
हो.

तो गेल्यावर स्क्रीनवर त्याच्या नावापुढं
'प्रकरण निकाली' अशी खूण करायची होती.
त्या चौकोनाला हात लावल्याशिवाय
पुढचं पान उघडत नाही.
तिसरी लाइन मघापासून लुकलुकतेय.