डिसेंबर, एकाहत्तर

गॅदरिंग यंदा भरदुपारी.
सांजेला दिवे बंद,
खिडक्यांना काळा कागद, खळ अजून ओली.
उन्हानं कुमुदच्या मिशीचं काजळ ओघळलं,
शूर सरदार हनुवटी पुसत
संवाद म्हणत राहिला.

खो-खोची फायनल
पाचाच्या आत उरकायची.
मी टाइमकीपर, घड्याळ गायधनी सरांचं.
तेवढ्यात देवळालीकडे
तोफांचा सराव धडाडला.

चौथ्या चौकोनात कारभारी सानप.
त्याचा थोरला छांबला.
पाठीवर थाप पडली: खो!
तो उठलाच नाही.

शिट्टी माझ्या तोंडात.
काटा पुढं गेला, मी फुंकली नाही.

गंगेवर धुकं उतरलं.
बिनदिव्याच्या सायकली हातात धरून
आम्ही गंगापूर रोडनं निघालो,
कारभारी मधे,
त्याची सायकल
हरलेल्या संघातलं कुणीतरी ढकलत होतं.